पाणी सोडण्याआधी

मेपासून फाइफचा किनारा कोरडा. समुद्र मात्र इथंच,
हाताच्या अंतरावर, निळा आणि निरुपयोगी.
सातव्या फेअरवेचं गवत आधी पिवळं झालं,
मग बिस्किटासारखं,
मग त्याला रंग म्हणायचंही लोकांनी सोडलं.

ड्युगल्डनं खिशातला चाकू काढला,
मूठभर गवत मातीसकट उलटं केलं
आणि मुळाशी नखाएवढा पांढरा कोंब दाखवला.
"झोपलंय," म्हणाला. "मेलेलं असं धरून बसत नाही."
चाळीस वर्षांत ग्रीन सोडून
कुठं थेंब दिला नव्हता त्यानं.
फेस्क्यू आहे, लाड केले की बिघडतं.
आणि कान देऊन ऐक, असल्या जमिनीवर चेंडू
कसा वाजत जातो,
लाकडी जिन्यावरून कुणी घाईनं उतरावं तसा.

पण सभासदांना ऐकायचं नव्हतं, बघायचं होतं.
वरच्या खोलीत मिसेस पेट्री
चष्मा कपाळावर चढवून आकडे वाचत होत्या:
स्प्रिंकलर पाचशे ऐंशी, पाइप अकरा किलोमीटर,
तळं एक, कर्ज वीस वर्षांचं.
कुणी म्हणालं, उन्हाळे आता असेच येणार.
कुणी म्हणालं, म्हणूनच तर.
दोघांनी माना डोलावल्या
आणि विरुद्ध मतं दिली.
ओढ्याचं नाव कुणी काढलं नाही.
तो त्या वेळी पुलाखाली
दगडांना वाट विचारत चालला होता,
सावलीपुरत्या पाण्यात एक ट्राउट न हलता उभा.
पाणी नेमकं कुठं मुरणार,
हे मी विचारायला हवं होतं.
मी चहाचे कप गोळा केले.

जुलै संपताना, रात्री नऊचं तिरपं ऊन.
वाऱ्यानं उडालेला झेंडा आणायला वाळूच्या टेकाडावर चढले
आणि खाली बघते तर रेघा.
सरळ, काटकोनात वळलेल्या.
एक चौकोन, त्याला चिकटून दुसरा, पुढं आणखी चार,
प्रत्येकाला समुद्राच्या अंगाला
पाऊलभर हिरवी फट.
भिंती होत्या त्या.
दगडावर वीतभरच माती, म्हणून तिथलं गवत
सगळ्यांच्या आधी करपलं होतं.

ड्युगल्ड बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, मीठवाल्यांची आळी.
लोखंडी कढयांत समुद्र ओतायचे,
खाली कोळसा, रात्रंदिवस.
पाणी जाऊ देणं हाच त्यांचा धंदा.
आईच्या माहेरची माणसं होती त्यात, कुठल्या घरातली ते ठाऊक नाही.
तो उतरला, चालत गेला,
तिसऱ्या हिरव्या फटीशी थांबला
आणि आत पाऊल टाकण्याआधी
बूट पुसले.

चौदा विरुद्ध नऊ.
वसंतात चर खणायला यंत्रं आली.
ड्युगल्डला भिंतीवरचं घड्याळ मिळालं,
मला पासवर्ड.

आता रात्री दोनला मी पाणी सोडते,
अंथरुणातून, अंगठ्यानं.
खिडकीतून फक्त फुसफुस ऐकू येते, अंधारात
कुणीतरी शेकडो जणांना गप्प करत असल्यासारखी.
सकाळी सातवा गर्द, मऊ, कुठल्याही देशातला.
चेंडू पडतो तिथंच बसतो.
आळी बुडाली.

एकच स्प्रिंकलर, सात-एक्केचाळीस, चालत नाही.
सोमवारी वहीत लिहिते: नादुरुस्त, भाग मागवलाय.
शेजारच्या दोघांची तोंडं
मीच जराशी फिरवून ठेवलीत.
तेवढाच एक डाग, खोलीभर,
तपकिरी.
मिसेस पेट्री दर आठवड्याला विचारतात, कधी जाणार हा?

परवा त्यांचाच चेंडू त्यावर पडला.
टप, टप, टपटपटप,
जिना उतरत तीस यार्ड पुढं गेला.
त्या हसल्या, पोरीसारख्या,
आणि डागाचं विचारायचं
राहून गेलं.